मेटल डिटेक्टर उगाच वाजतोय? कॉइल उघडण्याआधी हे तपासा

"मालक, मशिन येडं झालंय." कॉइलची, म्हणजे रॉडच्या टोकाला असलेल्या आणि धातू ओळखणाऱ्या थाळीची, तक्रार आमच्याकडे बहुतेक वेळा याच शब्दांत येते. खाली काही नसताना वाजतं, गवताला टेकलं की किंचाळतं आणि मुद्दाम नाणं ठेवलं की गप्प बसतं. सेन्सिटिव्हिटी थोडी खाली घेतली की चार दिवस बरं चालतं, मग परत पहिले पाढे पंचावन्न. मशिनवाल्याचा निष्कर्ष ठरलेला असतो: कॉइल गेली, नवी मागवा. नवी कॉइल स्वस्त नसते, आणि बऱ्याचदा नवी लावूनही आवाज तोच राहतो.

असं होतं कारण शोध उलट्या टोकाकडून सुरू होतो. बिघाड बाहेरून आत शोधायचा असतो. आधी जमीन, मग आजूबाजूची वीज, मग बोल्ट आणि झाकण, मग केबल, मग प्लग, आणि हे सगळं निर्दोष ठरल्यावर कॉइल. कॉइलचं इपॉक्सी एकदा फोडलं की ते पूर्ववत होत नाही, म्हणून तो मान शेवटचा.

सोलापूर भागात ही मशिनं वापरणारे मुख्यतः दोन प्रकारचे. एक पाइपलाइनचे ठेकेदार, ज्यांना डांबराखाली गाडलेलं व्हॉल्व्ह चेंबरचं झाकण हवं असतं. दुसरे शेतकरी: रोटाव्हेटरचं तुटलेलं पातं, ट्रॉलीची पिन, ज्वारी काढताना पडलेलं कानातलं. तिसरा प्रकार गुप्तधनवाल्यांचा. त्यांना एवढंच सांगतो की १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा अजून लागू आहे, जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, आणि भुईकोट किल्ल्यासारख्या संरक्षित स्मारकात मशिन घेऊन खणायला जाणं म्हणजे पोलिसांना आमंत्रण. असो, त्यांच्याही कॉइली बिघडतात.

आत काय असतं

नेहमीच्या, म्हणजे व्हीएलएफ (व्हेरी लो फ्रिक्वेन्सी) जातीच्या मशिनच्या कॉइलमध्ये इनॅमलच्या तांब्याच्या तारेची दोन वाइंडिंग असतात. एक पाठवतं, दुसरं ऐकतं. पाठवणाऱ्यातून काही किलोहर्ट्झचा प्रवाह सतत फिरत असतो. ऐकणारं वाइंडिंग अशा नेमक्या जागी बसवलेलं असतं की पाठवणाऱ्याचा थेट परिणाम त्याच्यावर जवळपास शून्य व्हावा, सोनाराच्या तराजूची दोन्ही पारडी तोलून धरावीत तसा. धातू जवळ आला की त्यात भोवरी प्रवाह तयार होतात, त्यांचं चुंबकीय क्षेत्र हा तोल ढळवतं आणि ढळलेल्या तोलाचा आवाज होतो.

म्हणजे तोल ढळवणारी कुठलीही गोष्ट मशिनला धातूच वाटणार. तार केसभर सरकली, आत ओल गेली, केबलमधला एक धागा तुटून परत चिकटला, तरी मशिनच्या लेखी ते सोनंच. एवढं डोक्यात ठेवलं की पुढचं सगळं आपोआप समजतं.

आधी जमीन

सोलापूरची काळी माती आणि खालचा मुरूम दोन्ही बेसाल्टमधून आलेले आहेत. हा खडक साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, आणि त्यात मॅग्नेटाइट असतं. लोहचुंबक दोरीला बांधून ओढ्याच्या वाळूतून फिरवा, त्याला काळी मिशी फुटते. तेच हे. अशा जमिनीवर ग्राउंड बॅलन्स न करता, म्हणजे जमिनीचा स्वतःचा सिग्नल वगळायला न लावता, मशिन चालवलं तर ते कुरकुरणारच. एका शेतात केलेला बॅलन्स शेजारच्या मुरमाड तुकड्यावर चालेलच असं नाही, आणि वाफशावर केलेला बॅलन्स रान वाळून भेगाळल्यावर तर नाहीच. कालव्याच्या पाण्याने खारवट झालेली ओली जमीन आणखी वेगळी. तिच्यातून वीज वाहते, म्हणून ती स्वतःच सिग्नल देते.

जुन्या गावठाणात किंवा वीटभट्टीच्या जागी भाजलेली माती आणि विटांचे तुकडे असतात. भाजल्यावर मातीतलं लोह जास्त चुंबकीय होतं, त्यामुळे जुनी चुलीची जागासुद्धा बीप देते. मंद्रूपकडचे एक काका याच कारणासाठी कॉइल बदलायला निघाले होते. त्यांच्या परड्यात पूर्वी भट्टी होती आणि मशिन बाकी सगळीकडे ठणठणीत चालत होतं.

या प्रकारच्या चकव्याची गोष्ट फार जुनी आहे. १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली, तेव्हा टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याच तोलाच्या तत्त्वावरचं यंत्र घेऊन शरीरातली गोळी शोधायला गेले होते. यंत्र भलत्याच ठिकाणी वाजत राहिलं. नंतर लक्षात आलं की गादीखाली पोलादी तारांची आणखी एक गादी होती. बेलना जे सुचलं नाही ते आपल्याला सुचावं, म्हणून पहिली तपासणी जमिनीवर करायचीच नाही.

कॉइल हवेत धरा. लोखंडी पलंग, पत्र्याचं शेड, सळईचा स्लॅब यांपासून लांब, लाकडी टेबलावर मशिन आडवं ठेवा, कॉइलची बाजू बाहेर काढून. हातातलं कडं, अंगठी, घड्याळ काढा. आता कॉइलसमोरून दहा रुपयांचं नाणं फिरवा. एक रुपयाचं नको. ते फेरिटिक स्टेनलेस स्टीलचं असतं, चुंबकाला चिकटतं, आणि लोखंड वगळायचं सेटिंग चालू असेल तर मशिन त्याला सरळ गाळून टाकतं. मग "नाणंपण धरत नाही" अशी तक्रार घेऊन लोक येतात. नाणं किती अंतरावर ऐकू येतं ते लाकडी पट्टीने मोजा आणि बॉक्सच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. मशिन नवं असतानाच हा आकडा लिहिलेला असेल तर पुढचं अर्धं काम वाचतं.

हवेत मशिन शांत आणि नाणं नेहमीच्या अंतरावर येत असेल तर कॉइलला हात लावायचं कारण नाही. ग्राउंड बॅलन्स नीट शिका, बस.

मग वीज

हवेतही कुरकुर चालू असेल तर कॉइल न हलवता एका जागी धरून स्वतःभोवती हळूहळू फिरा. एका दिशेला आवाज वाढतो आणि दुसऱ्या दिशेला कमी होतो का? तसं असेल तर बाहेरून काहीतरी आत शिरतंय. खिशातला मोबाइल हा पहिला संशयित. वरून जाणारी हाय टेन्शन लाइन, सोलर पंपाचा ड्राइव्ह, स्वस्तातले एलईडी दिवे, शेजारी चालू असलेलं दुसरं डिटेक्टर, हे पुढचे.

आपल्याकडचा खास संशयित म्हणजे झटका मशीन. रानडुकरं आणि हरणांसाठी बांधावर जी झटक्याची तार ओढलेली असते, तिच्यात साधारण सेकंदाला एक धक्का सोडला जातो. डिटेक्टरमध्ये तो टक… टक… टक… असा ठेक्यात ऐकू येतो. कॉइलचा बिघाड असा घड्याळासारखा ठेका कधी धरत नाही. ठेका लागला की कॉइल सोडा आणि बांधावरचा स्विच बंद करून या. शेजाऱ्याची तार असेल तर आधी शेजाऱ्याशी बोला.

बॅटरीही याच टप्प्यावर बघून घ्या. उतरलेल्या बॅटरीवर बरीच मशिनं गप्प होण्याआधी बडबडतात.

बोल्ट, झाकण आणि बूट

कॉइल रॉडला ज्या बोल्टने लावलेली असते तो प्लास्टिकचा असतो, आणि तो हरवतो. हरवला की माणूस हार्डवेअरच्या दुकानातून त्याच मापाचा लोखंडी बोल्ट आणून आवळतो. झाला खेळ. कॉइलच्या डोक्यावरच लोखंड बसवलंय, आता मशिनने काय करायचं? असा बोल्ट नुसता गच्च असेल तर मशिन तो कसाबसा पचवतं, पण थोडा सैल झाला की चालताना प्रत्येक हिसक्याला बीप. स्टेनलेसचा बोल्टही चालत नाही. नायलॉनचा शोधा. नाहीच मिळाला तर कडक प्लास्टिकच्या दांडीला आटे पाडून घ्या.

कॉइलखाली रक्षणासाठी प्लास्टिकचं झाकण असतं. ते काढा. आत काळसर बारीक रेती साठलेली दिसेल. तिच्यावर चुंबक धरा, निम्मी उठून चिकटेल. हे मॅग्नेटाइट कॉइलच्या अंगाला खेटून सरकत राहतं आणि कॉइलच्या दर झोक्याला आवाज होतो. झाकण धुऊन, पूर्ण वाळवून परत बसवा. ओलं बसवलं तर उद्या परत तेच.

बांधकामावरच्या लोकांनी आणखी एक बघायचं: पुढे लोखंडी टोपी असलेले सेफ्टी बूट. कॉइल पायाजवळून गेली की बीप, आणि तेही फक्त एकाच बाजूच्या झोक्यावर.

केबल, आणि त्यातही शेवटचे चार इंच

आता खरी जागा. वरचं सगळं निर्दोष ठरल्यावर ज्या मशिनी उरतात, त्यांतल्या बहुतेकींचा बिघाड केबल कॉइलच्या कानातून बाहेर येते तिथे सापडतो. कान म्हणजे रॉड जिथे अडकतो तो भाग. केबल इपॉक्सीमध्ये घट्ट धरलेली असते आणि बाहेर पडताच मोकळी होते. कॉइल दर वेळी तिरकी केली, घडी घातली, की वाक त्याच रेषेवर पडतो. आपल्याकडे तर मशिन मोटारसायकलवर न्यायचं म्हणून कॉइल रॉडवर दुमडून मागे बांधतात. अक्कलकोट रोडपासून बोरामणीपर्यंत ती केबल तशीच पिळलेली हादरे खात जाते.

आतल्या बारीक तारांचे धागे एकेक करून तुटतात, वरचं रबर मात्र शाबूत असतं. डोळ्यांना काहीच दिसत नाही. तुटलेली टोकं एकमेकांना टेकलेली असली की मशिन चालतं आणि सुटली की ओरडतं. म्हणूनच हा बिघाड "परत परत" येतो. मेकॅनिककडे टेबलावर मशिन शांत, रानात नेलं की बेभान.

तपासायची रीत सांगतो. मशिन बंद करा, प्लग काढा. काट्याचा जुना मल्टिमीटर असेल तर तोच घ्या. डिजिटल मीटर आकडा दाखवायला क्षणभर थांबतो, काटा मात्र लगेच थरथरतो, आणि आपल्याला तेवढी थरथरच बघायची आहे. मीटरच्या वायरींना क्रोकोडाइल क्लिप लावून त्या प्लगच्या दोन पिनांना पकडवा. पाच पिनांचा प्लग असेल तर साधारणपणे दोन पाठवणाऱ्या वाइंडिंगच्या, दोन ऐकणाऱ्याच्या आणि एक शील्डची, म्हणजे बाहेरचा विजेचा गोंधळ अडवणाऱ्या आवरणाची असते, पण कुठली कुणाची ते प्रत्येक कंपनीचं वेगळं. प्रत्येक जोडी मोजा, कागदावर पाच ठिपके काढून आकडे लिहा, जोड्या आपोआप कळतात.

मग प्लगपासून सुरुवात करून केबल दोन्ही अंगठ्यांमध्ये धरा आणि बोटभर अंतराने हलकी वाकवत कॉइलकडे जा. घाई नको. कानाजवळ पोहोचलात की केबल वर, खाली, डावी, उजवी वाकवा, थोडी आत ढकला, थोडी ओढा. काटा जिथे उडी मारेल तिथे खूण करा. मग दुसरी जोडी लावून पुन्हा पहिल्यापासून. शील्डची तार लोक विसरतात, तीही तपासा. ती तुटली तर मशिन बंद पडत नाही, फक्त चिडचिडं होतं, म्हणून ती सगळ्यांत जास्त फसवते.

हे सगळं करण्याआधी एक साधी गोष्ट बघा: केबल रॉडवर गुंडाळलेली कशी आहे. लोंबकळणारी केबल कॉइलच्या जवळ हलत राहिली तर तिच्यामुळेही बीप येतात, कारण तिच्यातही तांबं आहे आणि जाळी आहे. रॉडला घट्ट लपेटून वेल्क्रोने बांधा. फक्त कॉइलजवळ एवढी ढील ठेवा की कॉइल पूर्ण तिरकी केली तरी केबल ताणली जाणार नाही.

प्लग आणि सॉकेट

इथे फार वेळ जात नाही. पिना काळ्या-हिरव्या पडल्या असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि टूथब्रशने साफ करा. गंज सोडवायचं तेल मारू नका, त्याचा थर राहतो आणि धूळ धरतो. मशिन चालू ठेवून प्लग हलका डुलवा. आवाज बदलला तर बॉक्सच्या आत सॉकेटच्या मागचं सोल्डर तडकलंय, ते परत तापवून घ्या. प्लगची रिंग हाताने घट्ट करायची असते, पकडीने नाही.

आता कॉइल

वरच्या सगळ्यातून पार पडून बिघाड उरला असेल तरच इथे यायचं. तरी अजून उघडायचं नाही, मोजायचं.

आधी मीटरच्या दोन्ही वायरी एकमेकींना टेकवा. जो आकडा दिसेल, समजा ०.३ ओहम, तो प्रत्येक मोजणीतून वजा करा. पाठवणारं वाइंडिंग सहसा कमी ओहमचं असतं, ऐकणारं त्याहून बरंच जास्त. नेमका आकडा मॉडेलवर ठरतो, म्हणून त्याच मॉडेलची चांगली कॉइल मिळाली तर तिच्याशी ताडून बघणं सगळ्यांत उत्तम. जोडी पूर्ण ओपन दाखवत असेल तर तार तुटलीय. पाठवणाऱ्या आणि ऐकणाऱ्या वाइंडिंगमध्ये आकडा आला तर घाबरू नका. काही कॉइलींत दोन्हींचं एक टोक शील्डला जोडलेलं असतं.

मोजताना कॉइलचं तापमान लक्षात घ्या. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. २५ अंशांवर १० ओहम दाखवणारी कॉइल ६० अंशांवर साधारण ११.४ दाखवेल. मे महिन्यात दुपारी रानात उन्हात टेकवलेल्या काळ्या प्लास्टिकच्या कॉइलला ६० अंश म्हणजे काहीच नाही. ती तापलेली मोजून "रोध वाढलाय, कॉइल जळाली" असं म्हणणारे भेटतात. सावलीत दोन तास ठेवून मग मोजा.

ओहम बरोबर आला म्हणजे कॉइल बरी, असंही नाही. शेकडो वेढ्यांपैकी दोन शेजारचे वेढे इनॅमल खरवडून एकमेकांना चिकटले तर रोध जेमतेम फरक दाखवतो, पण तो बंद वेढा कायमचं धातूचं कडं झाल्यासारखा वागतो. त्याने इंडक्टन्स, म्हणजे कॉइलची चुंबकीय क्षेत्र तयार करायची क्षमता, घसरतो. तो मोजायला एलसीआर मीटर लागतो. तो नसेल तर पार्ट तपासायचे स्वस्त टेस्टर मिळतात, त्यांवरही मिलिहेन्रीचा (इंडक्टन्सच्या एककाचा) अंदाज येतो. चांगल्या कॉइलपेक्षा इंडक्टन्स बराच कमी आणि ओहम मात्र जवळपास तोच, असं दिसलं की समजा वेढा शॉर्ट आहे. त्याला दुरुस्ती नाही. मोटर वाइंडिंगवाल्याकडे देऊ नका. त्याचं काम चोख असलं तरी त्याची रीत वॉर्निश आणि भट्टीची आहे, आणि कॉइलचं कवच भट्टीत वितळेल. मेगर, म्हणजे जास्त व्होल्टवर इन्सुलेशन तपासायचा मीटर, तोही लावू द्यायचा नाही, कारण कॉइलची केबल आणि आतले बारीकसारीक पार्ट ५०० व्होल्टसाठी बनवलेले नसतात.

पल्स इंडक्शन जातीचं मशिन असेल तर हिशोब वेगळा. त्यात बहुतेक वेळा एकच वाइंडिंग असतं, साधारण ०.३ मिलिहेन्रीच्या आसपासचं आणि अगदी कमी ओहमचं. मशिन चालू असताना त्या कॉइलच्या पिनांवर क्षणभर शेकडो व्होल्ट उसळतात. चालू मशिनवर मीटर लावायचा नाही, आणि चालू असताना प्लगही काढायचा नाही. वायरलेस कॉइली, ज्यांच्या पोटातच बॅटरी आणि सर्किट असतं, त्यांना यातली कुठलीही ओहमची तपासणी लागू नाही.

मीटर सगळं बरं दाखवतोय, तरी मशिन वाजतंय? मग हाताने तपासा. कॉइल हवेत, मशिन चालू. बोटाच्या पेराने कॉइलवर चहूकडे हलकी टिचकी मारत जा. एका ठरावीक जागी दर टिचकीला बीप येत असेल तर आतलं वाइंडिंग इपॉक्सीतून सुटलंय आणि हलतंय. मग मोकळा तळहात कॉइलजवळ न्या. त्याने आवाज आला तर वाइंडिंगभोवतीचं शील्ड, म्हणजे ग्राफाइटचा लेप किंवा फॉइल, त्याच्या तारेपासून सुटलंय. अशी कॉइल ओल्या गवताला हमखास भुंकते. टिचकीला गप्प, हाताला गप्प, पण सकाळी नीट आणि दुपारी बेताल असेल तर उष्णतेने तोल सरकतोय. उन्हात मशिन दहा मिनिटं तापू द्या आणि नव्याने ग्राउंड बॅलन्स करा. तेवढ्यावर भागलं तर तो बिघाड म्हणायचा नाही.

पाणी गेलेली कॉइल

"वॉटरप्रूफ लिहिलंय की ओ त्याच्यावर" हे वाक्य पावसाळ्यानंतर बरंच ऐकू येतं. लिहिलेलं असतं, पण दगडावर आपटून पडलेल्या केसाएवढ्या चिरेतून पाणी जातं. तापलेली कॉइल गार पाण्यात बुडवली तर आतली हवा आकसते आणि चिरेतून पाणी स्वतःच ओढून घेते. उन्हातून थेट हिप्परगा तलावात कॉइल घालणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

चीर शोधायला तेच तत्त्व उलटं वापरा. बादलीत कोमट पाणी घ्या, हात सहज ठेवता येईल इतकंच. गार कॉइल त्यात बुडवून धरा, केबलच्या कानासकट. आतली हवा फुगते आणि चिरेतून बारीक बुडबुड्यांची माळ निघते. स्केचपेनने जागा खुणा. हे फक्त पोकळ कवचाच्या कॉइलला लागू होतं. पूर्ण इपॉक्सीने भरलेल्या कॉइलमध्ये बुडबुडे येणार नाहीत.

पाणी आत आहे की नाही हे वजनावरूनही कळतं. बारीक काट्यावर कॉइल तोला, माहितीपत्रकातल्या वजनाशी ताडा. वाळवताना रोज तोलत राहा, वजन उतरायचं थांबलं की वाळली. वाळवायला भोक पाडावंच लागलं तर वाइंडिंगपासून लांब, मधल्या भागात, अगदी बारीक. मग हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवून द्या. पत्र्यावर उन्हात टाकू नका आणि हीट गनही नको.

चीर किंवा भोक बंद करायला सिलिकॉन वापरणार असाल तर त्याचा वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन सुकताना आम्ल सोडतं आणि ते तांब्याला खातं. आज भोक बुजतं, पुढच्या वर्षी तार हिरवी. न्यूट्रल क्युअर लिहिलेली ट्यूब मागा, किंवा साधं दोन भागांचं इपॉक्सी वापरा.

कानाजवळची केबल जोडताना

सगळ्यांत जास्त लागणारी दुरुस्ती हीच, आणि सगळ्यांत जास्त वेळा बिघडवली जाणारीही हीच. खूण केलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंची तार मेलेली असते, म्हणून तुटलेल्या जागेवर नुसता डाग मारून भागत नाही. वाकलेला सगळा तुकडा काढून टाका. केबल दोन-तीन इंचांनी आखूड झाली तरी चालते. धारदार पात्याने कानातलं इपॉक्सी बोटाच्या नखाएवढं कोरा आणि चांगली तार दिसू लागताच थांबा. पुढे गेलात तर वाइंडिंग हलेल आणि तोल जाईल, मग तो तोल घरी परत बसवता येत नाही.

प्रत्येक तारेचा जोड वेगवेगळ्या अंतरावर घ्या, म्हणजे सगळे जोड एकाच जागी गाठ होऊन बसणार नाहीत. प्रत्येकावर स्वतंत्र हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) घाला. पाठवणाऱ्या आणि ऐकणाऱ्या तारांची शील्ड वेगळी असेल तर ती वेगळीच जोडा. दोन्ही जाळ्या एकत्र पिळून एक डाग मारला की हवेत सगळं ठीक दिसतं आणि रानात खोली निम्मी होते. स्पीकरची वायर वापरून केबल लांबवू नका. पल्स मशिनला तर केबलची कपॅसिटन्ससुद्धा बाधते.

आता जोड झाला, पण वाक तिथेच पडणार असेल तर तो परत तुटणार. म्हणून कानातून बाहेर पडल्यावर केबलला बोटभर लांबीची मऊ रबरी नळी घाला, म्हणजे वाक एका रेषेवर न पडता पसरतो. मोबाइलच्या चार्जरला लोक पेनमधली स्प्रिंग गुंडाळतात, ती युक्ती इथे नको. ती पोलादी स्प्रिंग कॉइलला चिकटून बसते आणि आपण लोखंडी बोल्टच्या गोष्टीवर परत येतो. एम-सीलचा गोळाही नको. तो कडक होतो, वाक फक्त एक इंच पुढे सरकतो आणि केबल तिथे तुटते.

इपॉक्सी घातल्यावर चोवीस तास हात लावू नका. मग लाकडी पट्टी आणि दहा रुपयांचं नाणं घ्या आणि आधी लिहिलेल्या आकड्याशी अंतर ताडा. केबल परत एकदा सगळीकडून वाकवून बघा, या वेळी मशिन चालू ठेवून आणि हेडफोन लावून. मोटारसायकलवर नेताना कॉइल रॉडवरून उतरवा आणि केबल सैल वेटोळ्यात ठेवा, दुमडलेली नाही.

नवी कॉइल घ्यावीच लागली तर मॉडेलबरोबर फ्रिक्वेन्सीही जुळते का ते बघून घ्या. प्लग तोच बसतो म्हणून दुसऱ्या मॉडेलची कॉइल लावली की काही मशिनं चालू होतात, नाणंही दाखवतात, पण ग्राउंड बॅलन्स जागेवर येत नाही. सेकंडहँड घेत असाल तर विकणाऱ्यासमोरच मशिन चालू करून कानाजवळची केबल चारही बाजूंना वाकवा आणि कॉइलवर टिचकी मारून बघा.